व्हिडिओ कॉलवरच्या तपासणीची नोंद कुठे?

महोदय,

धाकट्या भावाचे मानसोपचार दोन वर्षं मोबाइलवर चालू आहेत. कोयना खोऱ्यातल्या आमच्या वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथं खुर्ची टाकून तो डॉक्टरांशी बोलतो. एसटीचा दिवसभराचा हेलपाटा वाचला, हे मान्यच. पण गेल्या महिन्यात त्याची झोप उडाली, बडबड वाढली, म्हणून रात्री कराडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) किती चालू आहे, डोस कधी बदलला, रक्तातलं प्रमाण केव्हा तपासलं? माझ्याकडे होता व्हॉट्सॲपवर आलेला चिठ्ठीचा फोटो. तारीख अर्धी कापलेली, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. डोस तर फोनवर तोंडीच वाढवला होता. तो मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी टिपला होता. आईनं घरून वाचून दाखवला, तेव्हा काम भागलं.

25 मार्च 2020 च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक तत्त्वांनुसार सल्ल्याची नोंद आणि चिठ्ठीची प्रत ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला आपल्या नोंदी मागण्याचा हक्क देतो. आम्ही मागितल्या, तर उत्तर आलं, "कॉलचे कुठे कागद असतात?"

डॉक्टरांना एवढंच सांगणं: रुग्ण कुठून बोलत होता, सोबत कोण होतं, आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं का, औषधात काय बदललं, एवढं तरी लिहा. चार ओळी होतील. कॉल मध्येच तुटला तर तेही लिहा. आमच्याकडे पावसाळ्यात तो तुटतोच.

— एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा