पाणलोटातली जमीन बदलण्याआधी आजच्या पाण्याची नोंद करायची आहे. मदत हवी आहे

नागरिकहो,

शहराचे पाणी जलाशयात पोचण्याआधी जमिनीवरून वाहत येते. पाणलोटातल्या कुठल्या उतारावर झाडी राहणार, कुठे शेती आणि कुठे घरे, रस्ते, गोदामे होणार, हे नकाशावर ठरते. वीस वर्षांनी नळाला येणाऱ्या पाण्याची प्रतही तिथेच बऱ्याच अंशी ठरून जाते. तो नकाशा अजून कागदावर आहे, म्हणूनच आमची पाणलोट संरक्षण समिती आज आपल्याकडे मदत मागते आहे.

झाडीखालच्या भुसभुशीत जमिनीत पाऊस मुरतो आणि सावकाश ओढ्याला लागतो. झाडे काढून जमीन सपाट केली की पुढच्याच पावसात उघडी माती वाहून जाते. बांधकाम चालू असतानाचा काळ तर सर्वांत वाईट. या मातीला चिकटून स्फुरद (फॉस्फरस, वनस्पतींचे एक पोषकद्रव्य) येते, आणि पुढे वस्ती झाली की बागांची खते, सांडपाणी, रस्त्यावरचे तेल यांची भर पडते. साचलेल्या पाण्यात स्फुरद वाढले की शेवाळ फोफावते.

‘मग शुद्धीकरण केंद्र कशाला आहे?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पण प्रत्येक केंद्र ठरावीक प्रकारचे कच्चे पाणी गृहीत धरून बांधलेले असते. शेवाळामुळे आणि कुजणाऱ्या पाल्यामुळे पाण्यातला सेंद्रिय कार्बन वाढतो. त्याची क्लोरीनशी क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे तयार होतात. रॉटरडॅमचे रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी हे 1974 मध्ये दाखवून दिले. यांतल्या काही संयुगांचा कर्करोगाशी संबंध असावा असा संशय आहे, त्यामुळे अमेरिकेत एका लिटरमागे 80 मायक्रोग्रॅम ही त्यांची एकूण मर्यादा ठरवलेली आहे. क्लोरीन बंद करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही; त्याने कॉलरा आणि विषमज्वरापासून असंख्य जीव वाचवले आहेत. आमचे म्हणणे एवढेच की क्लोरीनपर्यंत पोचणारे पाणी आधीच स्वच्छ असावे.

हे दूरचे संकट नाही. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. शहराला पाणी पुरवणाऱ्या ईरी सरोवरातल्या शेवाळाचे विष पाण्यात उतरले होते, आणि उकळल्याने ते नष्ट होत नाही. त्या शेवाळाला पोसणारे स्फुरद मुख्यतः वरच्या खोऱ्यातल्या शेतजमिनीतून आले होते. शेतकऱ्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. वरच्या लोकांनी जमीन जपायची आणि खालच्यांनी नुसते पाणी प्यायचे, ही वाटणी अन्यायाची आहे. न्यूयॉर्कने 1997 मध्ये वरच्या गावांशी करार केला. शहराच्या पैशातून गावांची सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, शेतकऱ्यांना ओढ्याकाठी कुंपण व झाडी करण्यास मदत मिळाली, आणि जमीन घेतली तीही राजीखुशीने विकणाऱ्यांकडूनच. त्या शहराचे बहुतेक पाणी आजही गाळणी केंद्राशिवाय, फक्त निर्जंतुक करून दिले जाते.

आमच्यापुढचे पहिले काम मोठे नाही, पण ते आत्ताच व्हायला हवे. जमिनीचा वापर बदलल्यावर पाणी किती बदलेल, हे संगणकावरच्या प्रतिमानातून (मॉडेलमधून) आधी काढता येते. त्यासाठी आजचे पाणी कसे आहे याची नोंद लागते. ती नसेल तर विकास आराखड्यावर आम्ही कितीही तळमळीने हरकत घेतली, तरी ती नुसती तक्रार ठरेल.

म्हणून प्रत्येक ओढ्याच्या पाण्याचा गढूळपणा, नायट्रेट, स्फुरद आणि सेंद्रिय कार्बन वर्षभर तपासायचा आहे. आपण दिलेला पैसा प्रयोगशाळेचे शुल्क, नमुन्याच्या बाटल्या आणि ने-आण यांवरच खर्च होईल, आणि त्याचा हिशेब तपासणीच्या निकालांसह सर्वांसमोर मांडला जाईल. नकाशे वाचता येणारे, संगणकावर भूवापराचे थर जुळवता येणारे कुणी असेल तर त्यांची आम्हाला फार गरज आहे. वरच्या भागात ज्यांची जमीन आहे त्यांना विनंती, की ओढ्यालगतचा एक पट्टा गवत-झाडांसाठी मोकळा सोडावा. रोपे आणि लावणीचे हात आम्ही देऊ. उतार जास्त असेल तर पट्टा रुंद हवा. तो किती, हे जागेवर येऊन बघू.

सगळ्यात निकड आहे ती माणसांची. कोरड्या दिवसांत साचलेली घाण पहिल्या जोरदार पावसाच्या सुरुवातीच्या लोंढ्यातच वाहून येते. त्यामुळे तो नमुना पाऊस सुरू होताच घ्यावा लागतो, मग रात्र असो की सुट्टीचा दिवस. एकाच वेळी सगळ्या ओढ्यांवर उभे राहायला आज आमच्याकडे पुरेसे लोक नाहीत. आपल्या घराजवळचा एक ओढा आपण घ्याल का? बाटली कशी धुवायची, नमुना कुठून आणि कसा भरायचा, हे आम्ही पावसाळ्याआधी शिकवू.