वेल्समध्ये घर भाड्याने द्यायचे असेल तर वकिलाला आधी सांगा

माननीय संपादक,

मी कार्डिफमध्ये सॉलिसिटर आहे. घरखरेदीचे कागद हे माझे रोजचे काम. इथे स्थायिक झालेली आपली मुले आता दुसरे घर घेऊन ते भाड्याने देऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र.

वेल्समध्ये घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येक मालकाला 'रेंट स्मार्ट वेल्स' या सरकारी योजनेत नोंदणी करावी लागते. कायदा २०१४ चा, योजना २३ नोव्हेंबर २०१५ पासूनची. मात्र नोंदणी वेगळी आणि परवाना वेगळा. भाडेकरू शोधणे, भाडे वसूल करणे, दुरुस्त्या बघणे ही कामे स्वतः करणाऱ्याला प्रशिक्षण घेऊन परवानाही काढावा लागतो. परवानाधारक एजंट नेमला तर मालकाला परवाना लागत नाही, पण नोंदणी मालकालाच करावी लागते. 'एजंट आहे ना, तो बघेल' असे म्हणणारे इथेच अडकतात.

माझ्याकडे एक जोडपे आले होते. घर दोघांच्या नावावर, नोंदणी केलेलीच नाही, आणि भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देऊन मोकळे झालेले. नोंदणी नसलेल्या मालकाला कारण न देता घर खाली करून घेण्याची नोटीस देताच येत नाही. म्हणजे आधी नोंदणी, मग नवी नोटीस आणि तिथून पुढे सहा महिन्यांची मुदत. दंड वेगळाच. दोघेही रडकुंडीला आले होते. खरेदीच्या वेळी त्यांना हे कुणी सांगितलेच नव्हते, याचा मला अजूनही राग येतो.

खरेदी करून देणाऱ्या वकिलाने 'स्वतः राहणार की भाड्याने देणार?' हे पहिल्याच भेटीत विचारायला हवे. घर ताब्यात आल्यावर नोंदणीसाठी २८ दिवस असतात. ती तारीख त्याने लेखी कळवावी. सहमालकांची नावे नोंदणीत आली का, हे तपासावे. डिसेंबर २०२२ पासून भाडेकराराचा लेखी मसुदा भाडेकरू राहायला आल्यापासून १४ दिवसांत द्यावा लागतो, तोही वकिलाकडूनच करून घेतलेला बरा.

स्कॉटलंडमध्ये नोंदणी स्थानिक कौन्सिलकडे होते आणि दर तीन वर्षांनी नव्याने करावी लागते. इंग्लंडमध्ये घरात किती जण राहतात आणि घर कोणत्या कौन्सिलच्या हद्दीत आहे, यावर परवाना ठरतो. तेव्हा लंडनच्या मित्राचा सल्ला कार्डिफच्या घराला लावू नका. ज्या भागात घर आहे, तिथलेच नियम वकिलाकडून लिहून घ्या.

— एक वाचक, कार्डिफ