डोंगरवाटेवर धाकटीच्या चालीने

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "जिला अजून घरातल्या पायऱ्या धड उतरता येत नाहीत, तिला डोंगरावर नेऊन करता तरी काय?" बाबा, तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत, पण तुमच्या अशा गप्प बसण्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. या प्रश्नाचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे. शिवाय तुम्हा दोघांकडे माझे एक मागणेही आहे.

मुलांना घेऊन निघतो तेव्हा आम्ही माथा गाठायला निघत नाही, हे आधी सांगते. आमची ठरलेली असते ती परत फिरण्याची वेळ. ती वेळ झाली की असू तिथून माघारी वळायचे, मग माथा हाकेच्या अंतरावर का असेना, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगितलेले असते. वर पोहोचल्यावर खाऊ देऊ असे आमिष मी दाखवत नाही, कारण खाऊच्या आशेने चालणारे मूल पाय दुखले तरी बोलत नाही आणि ते आपल्याला कळते तेव्हा टाचेला फोड आलेला असतो. (तुमच्या जावयांना हे फारसे पटत नाही; त्यांच्या खिशात काहीतरी असतेच.)

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी एक जुना हिशेब आहे, तो बाबांना आवडेल. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला: दर ३ मैलांना, म्हणजे सुमारे ५ किलोमीटरला, एक तास धरायचा आणि चढाईच्या दर २००० फुटांमागे, म्हणजे साधारण ६०० मीटरमागे, आणखी एक तास मिळवायचा. त्यानुसार ३०० मीटर चढ असलेली ६ किलोमीटरची वाट धडधाकट माणूस पावणेदोन तासांत संपवेल. आम्ही तो आकडा निदान दुप्पट करतो आणि थांबण्याचा वेळ वेगळा धरतो, कारण धाकटी चालते त्याहून अधिक थांबते. गेल्या वेळी वाटेत मुंग्या एका पतंगाचा तुटलेला पंख ओढत नेत होत्या. पंख उभा, वाऱ्याने कलणारा, खाली जेमतेम दहा-बारा मुंग्या, आणि एका खड्याशी येऊन तो अडकला. धाकटी गुडघ्यांवर हात ठेवून उकिडवी बसली आणि मुंग्यांनी तो खडा वळसा घालून ओलांडेपर्यंत हलली नाही. थोरल्याने तोवर दोनदा पुढे जाऊन परत येऊन घेतले. अशा वेळी "चला, चला" म्हणत राहिले तर त्या वाटेवरून मुलाला नेण्यात काही अर्थच उरत नाही, असे मला वाटते.

धाकटी दमली की तिला तुमच्या जावयांच्या पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसवतो. आईची खरी काळजी इथेच असावी आणि ती अनाठायी नाही. वाहणाऱ्याला चढणीवर घाम फुटलेला असतो, त्यामुळे हवा उबदार आहे असेच त्याला वाटते. पाठीवरचे मूल मात्र हलत नसल्याने वाऱ्यात गारठत जाते आणि लोंबकळून त्याच्या पायांना मुंग्या येतात. त्यातच लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने पृष्ठभागाने मोठे असल्यामुळे ते आपल्यापेक्षा लवकर थंड पडते. म्हणून मी मागून चालते, दर अर्ध्या तासाने तिचे तळवे आणि मान हाताने चाचपते आणि तिला खाली उतरवून थोडे चालवते. वाकलेल्या फांदीखालून जाताना वाहणारा स्वतःच्या डोक्यापुरता वाकतो, पण मुलाचे डोके त्याहून वर असते, हेसुद्धा मागच्यालाच दिसते. बऱ्याच कॅरिअरची वजनमर्यादा २० ते २२ किलोच्या घरात असते, त्यामुळे हे फार दिवस चालणार नाही. घसाऱ्याच्या उतारावर तर तिला पाठीवर घ्यायचेच नाही, अशा वाटेला मुळात जायचेच नाही, हा आमचा नियम आहे.

उंचीवर दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि उन्हातली अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, म्हणून वर जाताना सॅकमध्ये लोकरी टोपी असते आणि उन्हाचीही. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. डोके दुखते हे धाकटीला सांगता येणार नाही, ती नुसती किरकिर करील आणि खाणार नाही, आणि ही किरकिर कोणती हे ओळखणे कोणालाही अवघड. ती आणखी मोठी होईपर्यंत तेवढ्या उंचीवर मुक्कामाला जायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

थोरल्याची काळजी निराळी, कारण तो पुढे पळतो. त्याच्या गळ्यात शिट्टी असते. चुकामूक झाली तर चालायचे नाही, जवळचे एक झाड धरून तिथेच थांबायचे आणि शिट्टी वाजवायची, एवढेच त्याला शिकवले आहे. १९८१ साली अमेरिकेत सॅन डिएगोजवळच्या डोंगरात एक नऊ वर्षांचा मुलगा हरवून दगावला, त्यानंतर शोधपथकातल्या लोकांनी मुलांना हेच शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. त्यामागचे कारण समजले की ते मनात पक्के बसते: चालत राहिलेले मूल शोधणाऱ्यांनी आधीच पाहून झालेल्या भागात जाऊन पोहोचू शकते, आणि तिथे पुन्हा कोणी लगेच पाहत नाही. मोठ्यांसाठी डोंगरातला संकटाचा इशारा म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा. उत्तर देणारा मिनिटाला तीन वाजवतो. थोरल्याला एवढे मोजत बसायला सांगितलेले नाही. गंमत म्हणून शिट्टी वाजवायची नाही, हे पाळणेच त्याला सर्वांत जड जाते. ढग गडगडले तर मात्र चर्चा नाही: डोंगराच्या धारेवरून आणि एकट्या झाडापासून लगेच दूर व्हायचे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी पुन्हा वर जायचे नाही.

आता मागणे. पुढच्या वेळी तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर यावे. धाकटीच्या चालीने चालायचे म्हणजे दर थोड्या वेळाने थांबायचे, दगडावर टेकायचे, पाण्याचे दोन घोट घ्यायचे आणि वेळ झाली की जिथे असू तिथून वळायचे. बाबा, या चालीने तुम्हाला दम लागण्याचे कारण नाही. तुमचा मान राखायचा म्हणून मी हे म्हणत नाही. चौघांच्या रांगेत मागे चालणारे आणखी दोन डोळे मिळाले तर थोरल्याकडे मला नीट पाहता येईल. आईच्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचेल, कारण उतारावर प्रत्येक पावलाचा भार गुडघ्यावर येतो. त्यासाठी दोन काठ्या घेऊ, त्यांनी तो भार थोडा हातांकडे जातो. वाटही मी अशी निवडेन की जायचे त्याच वाटेने परतायचे, म्हणजे दमलेल्याला कुठूनही मागे फिरता येईल. तरी निघण्यापूर्वी बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे, एवढे माझे ऐका.

बूट नवे घ्यायचे असतील तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून बघावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखे काळीनिळी होतात. ते घरात आठवडाभर वापरून मगच डोंगरावर आणावेत. आईच्या मापाचे काही मिळाले का, ते कळवा. नाही तर मी इथून पाठवते.

तुमची लेक