सुमे, आठवा रॅट फास्टच राहिला

सुमे,

पाच महिने झाले ना गं, तुझ्या तीन मेसेजना उत्तर नाही, चिडली असशील, चीड. तब्येत ठीक, मान धरते अधूनमधून. ते राहू दे, आधी काल रात्रीचं ऐक, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

२८ दिवसांवाली बॅच, नोटेक्सिन, म्हणजे तंतू मारणारं सापाचं विष, दिलेला सोलियस, तो पोटरीतला संथ स्नायू, नर्व्ह शाबूत. आठपैकी सात रॅट एकदम शहाणे, न्यूक्लियस तंतूच्या मधोमध म्हणजे तंतू नवा, आणि स्लो मायोसिनची, म्हणजे संथ तंतूंच्या प्रथिनाची, अँटीबॉडी लावली की अख्खा सेक्शन उजळतो. आठव्यात अंधार. चारदोन तंतू सोडले तर काहीच नाही. वाटलं अँटीबॉडी टाकायची राहिली, परत केलं, परत तेच. फास्ट मायोसिनची, वेगवान तंतूंवाली, लावली तर लख्ख. न्यूक्लियस याचेही मधोमधच, म्हणजे जुना तंतू मेला, सॅटेलाइट सेल, स्नायूतल्या राखीव पेशी, जाग्या झाल्या, जुळून नवे तंतू बनले, कोवळ्या तंतूंचं एम्ब्रियोनिक मायोसिन येऊन गेलं, फास्ट आलं आणि गाडी तिथंच अडली. तंतूही बारीक, आक्रसलेले. मग नर्व्ह कापलेल्या ग्रुपची स्लाइड शेजारी ठेवली आणि पोटात गोळाच आला. जुळी भावंडं गं!

म्हणजे याचीही नर्व्ह दुखावली, माझ्याच हातून झालंय. त्या दिवशी स्नायू मोकळा करताना चिमट्यात काहीतरी ओढलं गेलं, पाय एकदा टचकन उडाला, मी थांबले, बघितलं, पुढे गेले आणि वहीत लिहिलं नाही. सर म्हणतात आउटलायर आहे, काढून टाक, सातांत भागतं. काढायला हरकत नाही, पण कारण न लिहिता कसा काढू? रात्रभर तो पायच दिसतोय.

आणि आपलं जिन्यातलं भांडण! तू म्हणायचीस सोलियसच्या सेल्सना आपण कोण ते आठवतं, मी म्हणायचे कसलं आठवतंय, नर्व्ह सांगेल तसं. १९६० च्या बुलर आणि एकल्स मंडळींच्या प्रयोगातली मांजरं तुझ्या अंगावर फेकली होती, नर्व्हची अदलाबदल केली की फास्ट स्नायू संथ होतो म्हणून, आणि तू म्हणालीस मांजर फेकू नकोस, ओरबाडतं, मग सगळा जिना हसला आणि मी तीन आठवडे बोलले नाही तुझ्याशी. नर्व्ह नसलेल्या नव्या सोलियसला विजेचे सतत २० हर्ट्झचे संथ झटके दिले तरी स्लो मायोसिन येतं, हेही तुला ऐकवून झालं होतं.

पण काल शेवटी सर्का टू-ए लावलं, कॅल्शियम परत आत ओढणारा पंप, स्लो मायोसिनचा कायमचा सोबती. नसणारच हे धरून चालले होते. सुमे, होता! त्याच अंधारातल्या तंतूंत. मायोसिन नर्व्हच्या सांगण्यावाचून अडून बसलं आणि पंप मात्र कुणी न सांगता हजर. अर्धी बरोबर होतीस तू, लेखी देतेय.

नवी नोकरी कशी, पोरगी चालायला लागली का, काकूंचा गुडघा?

उद्या सकाळी सरांना सांगणार आहे, पाय उडाल्याचंसुद्धा. तुझ्या निळ्या वहीत नर्व्ह कापलेल्या सोलियसचे सर्काचे फोटो चिकटवलेत ना, ती पानं आज रात्रीच पाठव, किती का वाजेनात, जागी आहे मी.

तुझीच,
मनी