दोनच दिवे

नाशिक
रविवार, 4 जानेवारी 2026

प्रिय अव्या,

दिवाळीतल्या तुझ्या व्हॉइस नोटला अजून उत्तर नाही हे ठाऊक आहे. शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. तब्येतीचं उरकून घेतो: नानांचा गुडघा तसाच, आईची साखर काबूत, माझी बीपीची गोळी चालू. थंडी मरणाची पडलीय आणि कुंभमेळ्याच्या नावाखाली निम्मं गाव खणून ठेवलंय.

तन्मयबद्दल लिहायचंय. शुभाला यातलं काही माहीत नाही, नानांना तर नाहीच. तुलाच का सांगतोय ते पुढे येईल.

तू मागच्या खेपेला आलास तेव्हा गच्चीवरच्या खोलीत त्याच्या फ्लाइट सिम्युलेटरचं एक टेबल आणि जॉयस्टिक होती. आता तिथे पाय ठेवायला जागा नाही. नानांनी सातपूरच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचे तुकडे आणून थ्रॉटलचा सांगाडा उभा केला. ज्या माणसाने ओझरच्या विमान कारखान्यात उभा जन्म मिगवर काढला, त्याला प्लॅस्टिकचा लिव्हर हातात धरवत नाही. दोन लिव्हर, त्याखाली इंधनाचे दोन स्विच, आणि ते आधी वर ओढल्याशिवाय हलता कामा नयेत म्हणून आत स्प्रिंग बसवलीय, खऱ्यात असतं तसं. ऑक्टोबरात तेजस मार्क 1ए ओझरहून उडालं, त्या दिवशी आजोबा आणि नातू दोघांनीही जेवायला यायला तासभर लावला.

पोराचा जीव बोइंगच्या 777-300ईआरमध्ये. पीएमडीजी या सिम्युलेटरची विमानं बनवणाऱ्या कंपनीने 2024 मध्ये ते नव्या सिम्युलेटरसाठी काढलं आणि त्याच सुमारास याचा दहावीचा निकाल लागला, म्हणजे माझ्या खिशाला दोन्हीकडून कात्री. आपण फ्लाइट सिम्युलेटर 2000 मध्ये 777 उडवायचो ना, तुझ्या दादाच्या कॉम्प्युटरवर, चोरीच्या सीडीवरून? ते नुसतं चित्र होतं रे. हे विमान तुला थंडगार आणि अंधारं मिळतं. बॅटरी, मग एपीयू म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन, मग एडीआयआरयू ही दिशादर्शक यंत्रणा लावून आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं, मग सीडीयूवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या कीपॅडवर, मार्ग, वजन, इंधन. एखादा पंप लावायचा राहिला तर समोर पिवळ्या अक्षरांत नावानिशी चहाडी होते. पोरगं हे सगळं न बघता करतं. केमिस्ट्रीची समीकरणं मात्र लक्षात राहत नाहीत.

ए350 पण आहे त्याच्याकडे. ‘अव्याकाकाचं विमान’ म्हणतो. इथेच एक जुना हिशेब चुकता करतो. दोन इंजिनांवर समुद्र ओलांडणारा माणूस वेडा, हे कोण म्हणायचं? चार इंजिनांच्या तुझ्या ए340 चं उत्पादन 2011 मध्ये बंद झालं. तसलंच शेवटचं 747 जानेवारी 2023 मध्ये गिऱ्हाइकाच्या हवाली केलं, ए380 त्याच्या आधीच संपलं. आणि तुझ्या लाडक्या एअरबसच्याच ए350 ला एका इंजिनावर 370 मिनिटांपर्यंतच्या अंतराची परवानगी मिळालीय. सहा तासांच्या वर! पुढच्या वेळी भारतात येताना खिडकीतून इंजिनं मोज आणि पैजेची मिसळ घेऊन मोकळा हो. तिच्यावरचं व्याज मी माफ केलंय.

गेल्या जूनमध्ये अहमदाबादला 787 कोसळलं, त्यानंतर त्याने ते डिस्कवरून काढून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. शुभाला वाटलं, उतरलं वेड. पण जुलैत प्राथमिक अहवाल आला तो त्याने पहिल्या पानापासून वाचला आणि जेवताना शांतपणे म्हणाला, बाबा, मला पायलटच व्हायचंय. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शुभा आधी रडली, मग तिनेच फ्लाइंग स्कूलच्या फिया काढल्या. पाथर्डी फाट्याचा प्लॉट विकायचा, हे तर परस्पर ठरलंसुद्धा.

आता मुद्द्यावर येतो.

नोव्हेंबरात एका शनिवारी त्याने दिल्ली-मेलबर्न लावलं. म्हणजे तुझ्याकडेच. दहा हजार किलोमीटरच्या वर, बारा तासांचं उड्डाण, सगळं खऱ्या वेळेत. सकाळी अकराला निघाला, बंगालच्या उपसागरावर जेवला, विमान इंडोनेशियावर एकटं सोडून क्लासला जाऊन आला. रात्री अकराच्या सुमारास उतरायची वेळ झाली, तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेचार, काळोख. मी नेहमीसारखा उजव्या खुर्चीत. म्हटलं, आज ऑटोपायलट सोड, स्क्रीनवर वाट दाखवणारा फ्लाइट डायरेक्टर बंद कर, बाहेर बघून उतरव. म्हणाला, त्यात काय.

धावपट्टीच्या डाव्या अंगाला पापीचे, म्हणजे उतरताना उंची बरोबर आहे का ते सांगणारे, चार दिवे. दोन पांढरे, दोन लाल, म्हणजे विमान उतारावर अगदी बरोबर. मला स्वच्छ दिसत होते. आणि हा म्हणतो, “बाबा, ही सीनरी भंगार आहे. चारातले दोनच दिवे लागलेत.”

“कुठले दोन?”

“डावीकडचे. धावपट्टीजवळचे दोन गेलेत.”

धावपट्टीजवळचे दोन लाल होते, अव्या. मी काही बोललो नाही. विमान जरासं खाली गेलं, तिसरा दिवाही लाल झाला, आणि त्याने सहज सांगावं तसं सांगितलं, “आता एकच राहिला.” नाक हलकेच उचललं, दिवा परत दोनावर आणला आणि विमान असं टेकवलं की कपातला चहा हलू नये.

तो पांढरे मोजतो. दोन दिसले की बरोबर, एक दिसला की खाली आलोय, चार दिसले की वर. या हिशेबावर तो इतके दिवस उतरवत आलाय, तेही माझ्यापेक्षा चांगलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही! त्याला खरंच वाटतं की विमानतळ बनवणाऱ्याने आळस केलाय. चुकीच्या सीनरीबद्दल तो कुणाला तरी तक्रार लिहायला बसणार होता, मी कसाबसा थांबवला.

पण हिशेबात एक भोक आहे. चारही लाल झाले, म्हणजे अगदी खाली आलास, आता मरशील, तेव्हा त्याच्या लेखी तिथे काहीच नसणार.

त्या रात्री झोप नाही. एकेक आठवत गेलं. 777 च्या नकाशावर मार्गाची रेघ राणी कलरची असते. तो पहिल्या दिवसापासून तिला ‘निळी रेघ’ म्हणतो. मला वाटायचं, या पोरांना रंगांची नावंच येत नाहीत, राणी काय नि जांभळा काय. लहानपणी निफाडला टोमॅटो तोडायला पाठवला तर निम्मी पाटी हिरव्या टोमॅटोंची भरून आणली होती, सगळे मामा पोट धरून हसले होते. तू पण होतास तिथे. तूच त्याला ‘कृषिमंत्री’ नाव ठेवलंस.

मग इंटरनेट. नको ते वाचलं. 2002 मध्ये अमेरिकेत टॅलाहासीला फेडेक्सचं 727 पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडे झाडांत घुसलं. तिघे होते, तिघेही वाचले. तपासात सहवैमानिकाची रंग ओळखण्याची नजर अधू निघाली. त्याला याच दिव्यांतला लाल-पांढरा फरक नीट कळला नव्हता. थकवा वगैरे इतर कारणंही अहवालात आहेत, पण रात्री दोन वाजता माणूस इतर कारणं वाचत नाही.

आपल्याकडे डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान खात्याचं, आधी क्लास 2 मेडिकल, मग क्लास 1. इशिहाराची ठिपक्यांची पुस्तिका समोर धरतात आणि आकडे वाचायला सांगतात. त्यात अडकलास तर पुढची चाचणी असते, तिच्यात सुटलास तर सुटलास. मोबाइलवर मी त्या ठिपक्यांच्या पाट्या काढून ठेवल्यात. स्क्रीनवरची ही परीक्षा खरी धरत नाहीत, छापील पुस्तिका आणि योग्य उजेड लागतो. दाखवायचं टाळायला मला हे कारण फार सोयीचं पडतंय. तुमच्या ऑस्ट्रेलियात 1989 मध्ये डेनिसन नावाचा वैमानिक ट्रायब्युनलपर्यंत लढला आणि अशा नजरेच्या लोकांना बरीच वाट मोकळी झाली, हेही वाचलं. पण नोकरी इथे करायची तर शिक्का इथला लागणार.

शुभाला सांगत नाही त्यामागे आणखी एक भानगड आहे. हा दोष पोराला आईकडून येतो. तिला स्वतःला काही नसतं, बहुतेक वेळा तिच्या वडलांचा असतो तो. आमचे अण्णा, देव त्यांना सुखी ठेवो, डाळिंब तोडायचं की नाही हे आयुष्यभर सासूबाईंना विचारायचे. आम्हा जावयांना वाटायचं, काय बायकोचा मान ठेवतो हा माणूस! आता शुभाला हे कळलं की ती पहिल्या वाक्यातच सगळं स्वतःवर घेणार. तिला समजावण्याइतकी अक्कल माझ्याकडे नाही. ती नेहमी तिच्याकडेच होती.

फेब्रुवारीत बोर्ड आहे. फिजिक्स आणि मॅथ्स तो फक्त या एका गोष्टीसाठी करतोय. पायलटला हे दोन विषय लागतात हे कळलं नसतं तर त्याने बारावीला काय केलं असतं ते तुला सांगायला नको, आपण दोघांनी जे केलं तेच. आत्ता सांगू? की परीक्षा होऊ देऊ आणि मग, फीचा एक रुपयाही भरण्याआधी, गुपचूप क्लास 2 चं मेडिकल करायला नेऊ? तिथे डॉक्टरच सांगेल. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरं, असंही मनात येतं. भित्रेपणा आहे म्हण.

आता तुझं. दिल्लीच्या सुब्रतो पार्कहून, हवाई दलाचं मेडिकल देऊन परत येताना पंजाब मेलमध्ये तू भुसावळपर्यंत एक शब्द बोलला नव्हतास. भुसावळला केळी घेतली आणि म्हणालास, “यांना आधी सांगता येत नव्हतं?” मला वाटलं, तू हवाई दलाच्या डॉक्टरांबद्दल बोलतोयस. कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरांनी तुझ्या आप्पांना वर्षभर आधीच कल्पना दिली होती, हे मला फार नंतर कळलं. तुला तेव्हाच कळलं होतं ना? आप्पांशी तू किती दिवस धड बोलत नव्हतास, ते आम्ही पाहिलंय. मावशी आमच्याकडे येऊन रडायच्या.

हे एक झालं. दुसरं, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आपण बसलो होतो, तुझ्या लग्नाच्या आधी. तिसऱ्या पेगनंतर तू म्हणालास की ते वर्ष तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात भारी वर्ष होतं. पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या, रात्री अभ्यास, एसएसबीची निवड मुलाखत पास झालास त्या दिवशी सीबीएस स्टँडवर आपण केलेला तमाशा. “आप्पांनी आधी सांगितलं असतं तर हे वर्षच नसतं झालं,” हे तुझेच शब्द. मी प्यायलो होतो, पण इतका नव्हतो.

मग खरं कुठलं? रेल्वेतलं की धरणावरचं? दोन्ही खरी असतील तर माझ्या उपयोगाची नाहीत, एक निवड. या पंचवीस वर्षांत मी हे कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू विषय बदलून ए340 वर नेला असतास. आता माझ्या घरात तोच प्रश्न आलाय आणि मी आप्पांच्या जागी बसलोय. आप्पा असते तर त्यांनाच विचारलं असतं. त्यांनी बहुतेक मला हाकललं असतं.

एवढं मात्र ठरवलंय, प्लॉटचा व्यवहार मेडिकलआधी होऊ द्यायचा नाही. शुभाला भाव वाढणार असल्याची थाप मारलीय. कुंभमेळ्यामुळे ती खपतेय.

तुझी नवी नोकरी कशी आहे? मानसीचा पाठीचा त्रास कमी झाला का? इराला चित्रकलेत बक्षीस मिळालं ते शुभाने स्टेटसवर पाहिलं, माझ्याकडून तिला शाबासकी दे. घर घेताय म्हणे, घ्या बाबा, मोठं घ्या, आम्हीही येऊन राहू.

फोन करू नकोस. मी बोलताना शुभा शेजारी असते आणि तुझा आवाज स्पीकर नसतानाही पंचवटीपर्यंत जातो. लिहून पाठव, चार ओळी पुरेत. बोर्डाच्या आधी पाठव.

तुझा
पक्या

ता. क. मावशी पुढच्या महिन्यात तुझ्याकडे निघतायत, त्यांच्या बॅगेत कोंडाजीचा चिवडा द्यायचं चाललंय. तिथल्या विमानतळावर खाण्याचं सगळं लिहून द्यावं लागतं, हे त्यांना तूच समजाव. मी सांगितलं तर म्हणतात, चिवड्यात काय बॉम्ब आहे का.