सक्करदऱ्याच्या इलेक्ट्रिशियन काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "ठेवतो, गिऱ्हाईक आलं" म्हणून मोकळे होता. म्हणून हे खुलं पत्र. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच.

नवतपा लागला होता आणि आम्ही बापलेक भर दुपारी टेम्पोत गो-कार्ट घालून तुमच्या टपरीसमोर उभे होतो. कॉलेजच्या पोरांनी कधीतरी स्पर्धेसाठी बनवलेली, मग भंगारात गेलेली चेसिस आणि त्यावर 110 सीसीचं जुनं इंजिन. एप्रिलभर आमच्या मानेवाड्याच्या लेआउटमधल्या मोकळ्या मैदानात ती झकास पळाली. मग लेकीच्या हट्टापायी सगळी खोलून, घासून, संत्र्याच्या रंगात रंगवली. तेव्हापासून सेल्फ मारला की नुसतं 'टक्'.

तुमच्याकडे यायच्या आधी एका दुकानात नवी बॅटरी आणि नवा रिले (सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा स्विच) घेऊन पंधराशे घालवले होते. 'टक्' होतं तिथंच. तुम्ही गाडीला हात लावायच्या आधी एकच विचारलं, "रंग कवा मारला?" मला वाटलं, रंग आवडला.

मग फ्यूजचा डबा उघडलात. 15 अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून मी त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. "मास्तर, पोरीले बसवता ना यात? तार पेटली म्हंजे?" एवढंच बोललात, पण टपरीवरची चार माणसं माझ्याकडे बघत होती. बरोबरच होतं ते. चांदी काढून नवा 15 चाच बसवलात.

मी मोठ्या ऐटीत माझं डिजिटल मीटर काढलं. बॅटरीच्या प्लसपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत 12.6 व्होल्ट. म्हणजे अर्थ, इंजिनच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे करंटची परतीची वाट, ठीक, असं मी म्हणालो. तुम्ही हसलात आणि खिळ्यावर टांगलेला इंडिकेटरचा बल्ब लेकीच्या हातात दिलात. 21 वॅटचा, दोन तारा जोडलेला. "मीटरचं काय, ताराचा एक धागा शिल्लक असला तरी बारा दाखवते. हा लाव." तिनं आधी बॅटरीच्या दोन टोकांवर लावला, लख्ख पेटला. मग बल्बचं मायनसवरचं टोक उचलून इंजिनला टेकवलं, तर आतली तार विझत्या निखाऱ्यासारखी नुसती लाल. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. तेवढा करंटही जिथून धड जात नव्हता, तिथून सेल्फची मोटर काय फिरणार होती! हे गणित मी वर्गात शिकवतो, काका. फळ्यावर.

अर्थचा बोल्ट खोलला. केबलच्या टोकाच्या कडीखाली आमचा संत्री रंग, दोन हात दिलेला, गुळगुळीत. रंगातून करंट कुठला जायला! पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासून पत्रा चमकवला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. लेक नाचत होती आणि मी पंधराशे रुपयांचा हिशेब करत होतो.

दोनच दिवसांत परत आलो. डावीकडे वळलं की इंजिन बंद, उजवीकडे काही नाही. मी नवा सीडीआय (इंजिनला ठिणगी देणारा डबा) घ्यायच्या बेतात होतो. तुम्ही मागची चाकं विटांवर उचलली, लेकीला सीटवर बसवून स्टेअरिंग हळूहळू फिरवायला लावलं. डावीकडे नेलं की गप्प. मग स्टेअरिंगवरच्या, इंजिन बंद करायच्या लाल बटनाची तार कनेक्टरमधून काढून इंजिन पुन्हा सुरू केलंत. आता कितीही फिरवा, बंद होईना. शेवटी तेच सुटं टोक इंजिनाकडच्या बाजूनं बॉडीला टेकवलंत, इंजिन बंद! लेकीचे डोळे एवढे मोठे झाले. घरातल्या बटनानं तार तुटली की दिवा जातो, इथे जोडली की ठिणगी जाते. हे तिला तेव्हा समजलं आणि खरं सांगायचं तर मलाही.

चूक तुम्हाला तेव्हाच दिसली असणार. तरी टॉर्च तिच्याकडे देऊन "पाय, तूच हुडक" म्हणालात आणि दुसऱ्याच्या ऑटोचा हॉर्न बघायला गेलात. वीस मिनिटं ती चेसिसखाली पालथी. मी दोनदा वाकलो तर तुम्ही तिथूनच डोळे वटारले. अखेर सापडलं. स्टेअरिंगच्या दांड्याशेजारच्या पट्टीवर तार घासून घासून तिचं कव्हर गेलं होतं, आत नखाएवढं तांबं चमकत होतं. डावीकडे वळलं की ते पट्टीला टेकायचं. स्लीव्ह चढवून, थोडी ढील देऊन, तार दुसऱ्या बाजूनं बांधलीत. घेतले पन्नास रुपये. तेही मी जबरदस्तीनं दिले, आणि त्यातून तिलाच सांबारवडी खाऊ घातलीत.

तिनं आता स्वतःचा बल्ब बनवलाय. परवा माझ्या स्कूटरचा हॉर्न तिनंच लावून दिला. मला जवळ येऊ दिलं नाही.

तो नवा रिले घरात तसाच पडून आहे. कुणाच्या गाडीला लागत असेल तर सांगा, रविवारी येताना घेऊन येतो.

तुमचा,
मानेवाड्याचा मास्तर