काहीही नको, नाव सांग

प्रिय बाळा,

काल पावणेआठला तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातानेच स्पीकर लावला. "आई, जेवायला काय करू गं?" म्हणालास. मी विचारलं घरात काय आहे, तर थांब बघतो म्हणालास आणि मग फ्रिजचं दार उघडं राहिलं की वाजतो ना तो टुं टुं आवाज, तो मला इथे सोलापुरात ऐकू येत होता, दोन मिनिटं तरी. मागून सूनबाई म्हणाली "अरे कर काहीही", तू तिला म्हणालास "मला पण काहीही चालेल, तू सांग ना", आणि मग जाऊ दे आई म्हणून फोन ठेवलास. साडेनऊला मेसेज, बाहेरून मागवलंय, दहापर्यंत येईल.

मला रात्री झोप लागली नाही. बाहेरचं मागवलं म्हणून नाही हां, दोघंही दिवसभर काम करून येता, कधी मागवलं तर काय बिघडत नाही. पण पावणेआठ ते साडेनऊ, म्हणजे पावणेदोन तास तुम्ही दोघं उपाशीपोटी काय खायचं तेच ठरवत होतात, आणि त्यात थोडी वादावादी पण झाली असणार, तुझ्या मेसेजवरनंच कळलं मला. फोनवर तू नुसतं हो आई हो आई करतोस म्हणून लिहून पाठवते, सावकाश वाच.

स्वयंपाक करणं हे काम आहे असं सगळेच म्हणतात. पण काय करायचं ते ठरवणं हे त्याच्याआधीचं वेगळंच काम आहे आणि ते कुणाला दिसत नाही. पिठलं करायला पंधरा मिनिटं लागतात, पण आज पिठलं करायचं हे ठरेपर्यंत कधीकधी अख्खी संध्याकाळ जाते. हात थकत नाहीत रे, डोकं थकतं.

आज्जी होती तोवर मला हे कळलंच नव्हतं. आमचं लग्न 1996 चं, मी पतसंस्थेत नोकरी करत होते, सव्वासहाला घरी यायचे तर कट्ट्यावर पितळी ताटात भाजी काढून ठेवलेली असायची, डाळ भिजलेली असायची, आज्जी फक्त बोट दाखवायची, हे कर. तिचं सगळं ठरलेलं होतं. सोमवारी बाबांचा उपवास, तर संध्याकाळी सोडायला वरणभात आणि थोडं गोड. मंगळवारी बाजार, म्हणून त्या रात्री पालेभाजी आणि भाकरी. शनिवारी मिश्र डाळींची बाजार आमटी, चांगली झणझणीत, आणि सोमवारी रात्री भाजीची टोपली रिकामी झाली की वरणभाताबरोबर बेसन. ही शिस्त तिला आजोबांच्या मिलमुळे लागलेली. आजोबा नरसिंग गिरजी मिलमध्ये होते, पाळी बदलली की घरातल्या जेवणाची वेळ बदलायची, भोंगा व्हायच्या आत डबा भरलेला पाहिजे, तिथे काय करू म्हणून विचार करत उभं राहायला वेळ कुठला.

मला त्याचा फार राग यायचा तेव्हा. पंधरा वर्षं या घरात मी माझ्या मनाने एक आमटी ठरवली नाही. वाटायचं, एक दिवस तरी मला कुणी विचारावं की तुला काय खावंसं वाटतंय. हे मी तुला याआधी कधी सांगितलेलं नाही.

मग 2011 ला आज्जी गेली. तेरावं झालं, पाहुणे गेले, मी परत कामावर रुजू झाले आणि सव्वासहाला घरी आले तर कट्टा रिकामा. ताट तिथे उभं करून ठेवलेलं होतं. घरात सगळं होतं हां, वांगी होती, मेथीची जुडी होती, डाळींचे डबे भरलेले होते, आणि मला काही म्हणजे काही सुचेना. तू क्लासवरनं आलास, आई भूक लागली म्हणालास. मी बाबांना विचारलं काय करू हो, ते म्हणाले काहीही कर, मला काहीही चालतं. ते मनापासून म्हणाले होते, त्यांना वाटलं आपण हिला मोकळीक देतोय, इतकी वर्षं हिच्या मनासारखं झालं नाही तर आता होऊ दे. पण मी तिथेच कट्ट्याखाली बसले आणि रडायला लागले. तुम्हाला दोघांना वाटलं आज्जीची आठवण आली. ती तर आलीच होती. पण मला त्या क्षणी हे पण कळलं की ती रोज कट्ट्यावर जे ताट ठेवायची ते हुकूम म्हणून नव्हतं, किंवा नुसतं हुकूम म्हणून नव्हतं, दमून आलेल्या माझ्यासाठी अर्धं काम तिने करून ठेवलेलं असायचं. आणि मी तिला एकदा पण त्याबद्दल काही बोलले नाही. त्या रात्री आपण तिघांनी कडक भाकरी कुस्करून दही आणि शेंगा चटणीबरोबर खाल्ली, आठवतंय का तुला?

त्यानंतर मला शिकायला वर्षभर लागलं. सणाचं काही अवघड नसतं बघ, सणाला प्रश्नच पडत नाही. नागपंचमीला चिरायचं नाही तळायचं नाही म्हणून दिंड, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगा-भाज्यांची मिळून भाजी, होळीला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी कटाची आमटी उरलेली असतेच, वेळ अमावस्येला भज्जी आणि आंबिल. आपल्या आधीच्या बायकांनी ते ठरवून ठेवलंय. अवघड असतो तो साधा बुधवार, ज्याला काही नाव नाही. वर्षाच्या 365 संध्याकाळींतून सण, उपवास, लग्नकार्यं सगळी वजा केली तरी 300 उरतात, म्हणजे आज्जी गेल्यापासून मी 4 हजारांच्या वर वेळा हे ठरवलेलं आहे, त्यातून जे हाती लागलं ते तुला सांगते.

तू फ्रिज उघडून स्वतःला विचारतोस, मला काय खावंसं वाटतंय. दमलेल्या माणसाला याचं उत्तर येत नाही रे, त्याला फक्त भूक लागलेली असते. त्याच्याऐवजी बघायचं, घरात सगळ्यात आधी काय खराब होणार आहे. मेथी, चाकवत, शेपू दोन दिवसांच्या वर थांबत नाही, म्हणून आणली त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच. मग वांगी, दोडका, गवार. कोबी आठवडाभर राहतो तर त्याला मागे ठेव. कांदा बटाटा सगळ्यात शेवटी. आणि काहीच उरलं नाही की बेसन कुठे जात नाही. असं बघितलं ना की अर्ध्या वेळा भाजीच तुला सांगते आज माझी पाळी. सकाळचा भात उरला असेल तर तो पण रांगेत पुढे, फोडणी देऊन टाकायचा, मात्र तो उरल्या उरल्या फ्रिजमध्ये गेलेला पाहिजे, दिवसभर ओट्यावर राहिलेला भात वास आला नाही तरी खायचा नाही, पोट बिघडतं, गरम केला तरी.

मग बघायचं दुपारी दोघांनी काय खाल्लंय. ऑफिसच्या कँटीनमध्ये तिने छोले खाल्ले असतील आणि तू संध्याकाळी राजमा केलास तर तिचं पोट जड होणारच, त्यात तुझ्या हाताचा काही दोष नाही. चार वाजता विचारून घे की, एक मेसेज.

आणि हे सगळं संध्याकाळी ठरवायचंच नाही. पोटात कावळे ओरडत असताना कुठलाच निर्णय चांगला होत नाही. सकाळी चहा पिताना कर, डोकं ताजं असतं. त्याहून बरं म्हणजे काहीतरी भिजत टाक, एकदा भिजवलं की ठरलं, मग मागे फिरता येत नाही. मटकी रात्री भिजव, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेव, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी एक रात्र लागते. हरभरे सकाळी निघताना भिजवलेस तर रात्री कुकरला लावता येतात. तू ऑफिसात असताना घरात तुझी मटकी मोड काढत बसलेली असते आणि घरी येताना तुला माहीत असतं आपण काय खाणार आहोत, हे सुख लहान नाही बाळा, बसमध्ये उभं असताना पण जरा बरं वाटतं.

आता बाबांचं सांगते, मुद्दाम सांगते, कारण तू त्यांच्यावर गेलायस. आज्जी गेल्यावर तीन-चार महिने रोज तेच, मी विचारणार काय करू, ते म्हणणार काहीही. शेवटी एकदा मी जेवताना शांतपणे सांगितलं, अहो, तुम्ही काहीही म्हणता तेव्हा ते सगळं परत माझ्याच अंगावर येतं. मला मोकळीक नकोय, मला नाव पाहिजे. भेंडी म्हणा, पिठलं म्हणा, नसेल जमत तर मी नाही म्हणेन, पण नाव तरी सांगा. ते काही बोलले नाहीत, ताट उचलून ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले. मला वाटलं राग आला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता डेपोतनं फोन. चहाच्या सुट्टीत केलेला, मागे गाड्यांचे आवाज. "आमटी" म्हणाले आणि ठेवून दिला. बास. तेव्हापासून आजपर्यंत रोज चारला फोन येतो, कधी एक शब्द, कधी दोन. पिठलं. शेवग्याची आमटी. मुगाची खिचडी. कधी मला ते जमणार नसतं तर मी दुसरं करते आणि ते पण काही म्हणत नाहीत, पण पाटी कोरी नसते ना. ती खोडून दुसरं लिहिणं सोपं आहे. गेल्या काही वर्षांत तर दर रविवारी ते स्वतःच ठरवतात आणि स्वतःच करतात, मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, काय करताय म्हणून विचारत पण नाही.

तुम्ही दोघं पण असंच वाटून घ्या. तीन दिवस तुझे, तीन तिचे, एक दिवस बाहेर. तुझा दिवस म्हणजे ठरवायचं पण तूच, तिला विचारत बसायचं नाही आणि मला तर अजिबात नाही, मटकी कशी करायची ते विचार, कधीही फोन कर, पण आज मटकी करू का ते विचारू नकोस. तिचा दिवस असेल आणि तिने विचारलं तर नाव सांगायचं. आणि तिने जे ठरवलं ते ताटात आल्यावर आज हे का, आमच्याकडे असं करत नाहीत, आई यात गूळ घालते, यातलं एक पण वाक्य तुझ्या तोंडातून येता कामा नये. तिच्या माहेरी आमटीत गूळ पडतही नसेल. चांगलं झालं असेल तर जेवताना लगेच सांग, नंतर झोपताना नाही. मी आज्जीला सांगितलं नाही ते मला अजून सलतं.

आणि एकाच आठवड्यात दोनदा खिचडी झाली तरी काही बिघडत नाही, शेजारी कुणी मोजायला येत नाही. मी पण केलीय कितीतरी वेळा, मार्च एंडला तर सलग चार दिवस केलेली आहे, बरोबर ताक आणि पापड असला की झालं. तुम्हाला दोघांना त्या मोबाइलमध्ये रोज वेगळं वेगळं दिसतं ना, म्हणून वाटत असेल रोज नवीन काहीतरी पाहिजे. मला नाही तसं वाटत. पहिल्या घासाला कळलं पाहिजे की हे आपलं, ओळखीचं आहे.

शनिवारी सकाळी शेजारचे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येणार आहेत, त्यांच्याबरोबर डबा पाठवते. शेंगा चटणी आहे, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटेपर्यंत, मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो. कडक भाकऱ्या आहेत, त्या महिना दोन महिने कपाटात राहतात, ज्या दिवशी खरंच काही होणार नाही त्या दिवसासाठी ठेव, लगेच संपवू नको. ज्वारीचं पीठ दोनच किलो देते, मंगळवेढ्याची मालदांडी आहे, कालच गिरणीतनं आणलंय, पण आठ-दहा दिवसांत संपव, पीठ जुनं झालं की विरी जाते, म्हणजे ते धरून राहत नाही, आणि भाकरी थापताना चिरत जाते, मग तुला वाटेल मलाच जमत नाही. पाणी चांगलं उकळतं घे, गव्हासारखा चिकटपणा ज्वारीला नसतो, तो गरम पाण्यानेच आणायचा. पहिल्या दहा तुटतील. त्या आमटीत कुस्करून खा.

आत्ता लिहिता लिहिता बाबांचा फोन आला, चार वाजले. "मेथी" म्हणाले. मेथी मी कालच संपवली आणि ते त्यांना माहीत नाही. ऊन जरा कमी झालंय, मंडईपर्यंत जाऊन एक जुडी घेऊन येते.

तुझी,
आई